क्लच नको, पण खिसाही सांभाळायचाय

मागच्या दिवाळीत मी घरी साताऱ्याला गेले होते. संध्याकाळी आईने गाडी अंगणात लावली, पण पाच मिनिटं झाली तरी ती उतरेना. मला वाटलं, फोनवर बोलत असेल. बाहेर जाऊन बघते तर दोन्ही हातांनी डावा गुडघा धरून बसलेली. "पोवई नाक्यावर फार वेळ अडकले गं. क्लच दाबून दाबून पाय उचलेना," एवढंच म्हणाली.

आई शिक्षिका आहे. शाळा घरापासून 14 किलोमीटरवर. बाबांची बायपास झाल्यापासून ते गाडी चालवत नाहीत. आजी वाईला एकटी असते, तिच्याकडे दर रविवारी जावं लागतं. म्हणजे घरात गाडी चालवणारी आई एकटीच, कारण मी नोकरीसाठी पुण्यात. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याची झीज आहे म्हणून सांगितलं आणि वर म्हणाले, "एक तर गाडी सोडा, नाहीतर क्लच सोडा." गाडी सोडायला आई तयार नव्हती, आणि ते बरोबरच होतं.

मग हिशोब मांडला. आईची मोडलेली एफडी 2 लाख 20 हजार, जुन्या वॅगनआरचे 80 हजार, माझ्या बचतीतले 50 हजार. एकूण साडेतीन लाख. एवढ्यात नवी ऑटोमॅटिक गाडी येत नाही, म्हणजे सेकंड हँडच घ्यायची. पुढचे तीन महिने मी ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये फक्त गाड्याच बघत होते. आमच्या ग्रुपवर माझं नाव 'आरटीओ' पडलं.

या लेखमालेत घरखर्चाचे विषय येतच असतात, पण यावेळी चूक केली तर एफडी परत येणार नव्हती. त्यामुळे जे शिकले ते सगळं लिहिते आहे, माझ्या मूर्खपणासकट.

आपण गाडी नाही, गिअरबॉक्स विकत घेतोय

सुरुवातीला मी सगळ्यांसारखीच गाडी निवडत होते. रंग कसा, मॉडेल कितीचं, स्क्रीन आहे का, रिव्हर्स कॅमेरा आहे का. आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज आहे, तिथल्या काकांनी एका वाक्यात गप्प केलं. "इंजिन बिघडलं तर मी उघडून देईन. ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स गेला तर गाडीच्या किमतीच्या निम्मा खर्च येईल. आधी तो बघ, रंग नंतर."

तर आधी गिअरबॉक्सबद्दल. आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' या एकाच शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात. विकणारा फक्त 'ऑटोमॅटिक आहे' म्हणतो. कोणतं, ते आपण विचारायचं.

पहिलं एएमटी. यात गिअरबॉक्स साध्या मॅन्युअल गाडीचाच असतो. फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं हे काम आपल्या पायाऐवजी एक छोटी यंत्रणा करते. आपल्याकडे ही सोय स्वस्त गाड्यांत आणली ती 2014 सालच्या मारुती सेलेरिओने. मग ऑल्टो के10, वॅगनआर, क्विड, टियागो, इग्निस, सँट्रो असे बरेच जण आले. फायदा असा की मायलेज मॅन्युअलच्या जवळपास मिळतं आणि दुरुस्तीही बहुतेक गावांत होते. तोटा म्हणजे गिअर बदलताना गाडी किंचित मान डोलावते. चढावर थांबून पुन्हा निघताना जुन्या एएमटी गाड्या मागेही सरकतात. आणि हो, क्लच प्लेट यातही असते, ती यातही झिजते. 'ऑटोमॅटिकला क्लच नसतो' असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडून एएमटी घेऊ नका.

दुसरं टॉर्क कन्व्हर्टर. हे खरं जुन्या पद्धतीचं ऑटोमॅटिक. इंजिनची ताकद तेलातून चाकांपर्यंत जाते, म्हणून धक्का नाही, चढावर कटकट नाही. ह्युंदाई आय10 आणि ग्रँड आय10 मध्ये चार गिअरचं होतं, होंडा ब्रिओ आणि सुरुवातीच्या अमेझमध्ये पाच गिअरचं. पेट्रोल जास्त पितं. पण तेल वेळेवर बदललं असेल तर वर्षानुवर्षं चालतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून आवडेल असं हेच.

तिसरं सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नसतातच. दोन पुलींवर एक पोलादी पट्टा फिरतो आणि पुलींचा घेर लहान-मोठा होत जातो. होंडा सिटी, 2015 नंतरची जॅझ, 2016 नंतरची अमेझ, 2022 पर्यंतची बलेनो या गाड्यांत ते मिळतं. चालवायला लोण्यासारखं. पण त्याला कंपनीने सांगितलेलंच तेल लागतं. आधीच्या मालकाने तिथे पैसे वाचवले असतील तर बिल तुमच्या नावावर येतं.

चौथं ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी किंवा डीएसजी. फोक्सवॅगन पोलो जीटीमध्ये होतं ते. वेगवान, मजेदार. साडेतीन लाखांच्या बजेटमध्ये त्याकडे बघूही नका. कोरडे क्लच ट्रॅफिकमध्ये तापतात आणि त्याचा इलेक्ट्रॉनिक भाग बिघडला तर दुरुस्तीचा आकडा ऐकून गाडी तिथेच सोडून यावंसं वाटेल. गंमत म्हणजे याच गाड्या जुन्या बाजारात 'एवढी भारी गाडी एवढ्या स्वस्तात' अशा दिसतात. त्या स्वस्त का झाल्या, ते आता तुम्हाला कळलं असेल.

मायलेजचा खरा हिशोब

बाबांचा पहिला प्रश्न, "किती देते?" आमच्याकडे हा प्रश्न स्थळ बघतानाही साधारण याच सुरात विचारतात.

म्हणून कागदावर मांडलं. आईचं चालवणं महिन्याला साधारण 700 किलोमीटर. टॉर्क कन्व्हर्टरवाली जुनी गाडी गावात 12 चं मायलेज देते असं धरलं तर 58 लिटर पेट्रोल. एएमटी 17 देते असं धरलं तर 41 लिटर. फरक 17 लिटरचा, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजारांच्या आसपास, वर्षाला वीस हजारांहून जास्त. आमच्यासाठी ही रक्कम लहान नव्हती. पण माझ्या मैत्रिणीचे बाबा बडोद्याला असतात, ते महिन्याला जेमतेम 200 किलोमीटर चालवतात. त्यांचा फरक महिन्याला पाचशे रुपयांचा. त्यांनी मायलेज विसरून आरामाची गाडी घ्यावी, असं मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी ऐकलंही.

म्हणजे आधी आपण किती चालवतो ते लिहून काढा. अंदाजाने नाही, दोन महिन्यांचे मीटरचे आकडे बघून. आईला वाटत होतं ती महिन्याला 400 किलोमीटर चालवते.

माझे साडेपाच हजार कुठे गेले

आता मूर्खपणाकडे. पुण्यात जुन्या गाड्या विकणाऱ्या एका ठिकाणी मला एक ऑटोमॅटिक गाडी दिसली. चकचकीत, सीट कव्हर नवीन, आत सुगंधी फवारा, मीटरवर 38 हजार किलोमीटर, किंमत 2 लाख 85 हजार. विक्रेता म्हणाला, "मॅडम, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय." मी घाबरून 11 हजार टोकन भरलं. पावतीवर काय लिहिलंय ते वाचलंही नाही. बीए इंग्लिश केलंय, दिवसभर दुसऱ्यांचा मजकूर तपासते, आणि स्वतःची पावती वाचली नाही.

रविवारी गॅरेजवाले काका पुण्याला आले. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला आणि सीट ज्या पट्टीवर सरकते तिथून बोट फिरवून मला दाखवलं. बोटाला बारीक वाळलेला गाळ. मग सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला. जो भाग नेहमी आत गुंडाळलेला असतो तिथे मातकट रेघ होती. डिकीत स्टेपनी ठेवतात तो खड्डा गंजलेला. काका एवढंच म्हणाले, "पोहून आलीय."

पुरातली गाडी धुऊन-पुसून विकता येते, पण ऑटोमॅटिकमध्ये ती जास्त धोक्याची, कारण गिअर बदलणारी सगळी बुद्धी वायर, सेन्सर आणि एका छोट्या कॉम्प्युटरमध्ये असते. पाणी शिरलेलं आज कळत नाही, सहा महिन्यांनी गाडी चौकात मधोमध उभी राहते. आपल्याकडे 2019 आणि 2021 मध्ये कोल्हापूर-सांगलीत पूर आला, 2015 मध्ये चेन्नईत, 2020 मध्ये हैदराबादेत, 2024 मध्ये बडोद्यात. त्या गाड्या सगळ्याच भंगारात जात नाहीत. त्या दुसऱ्या शहरात जातात.

11 हजारांपैकी साडेपाच हजार परत मिळाले. उरलेले 'प्रोसेसिंग चार्जेस'. पावतीत तसं लिहिलेलं होतं.

मीटरचंही तेच. 38 हजार चाललेल्या गाडीच्या ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत कसं झालं, स्टिअरिंगची चमडी कशी सोलली, हे प्रश्न मला पडायला हवे होते. टायरवर एका बाजूला चार आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ 2319, म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. 2017 च्या गाडीला 2019 चे चार टायर असतील आणि मीटर 25 हजार दाखवत असेल, तर पहिले चार टायर इतक्या लवकर कुठे संपले? सर्वांत भरवशाचं म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरची नोंद. प्रत्येक सर्व्हिसला तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात. विकणाऱ्याला म्हणायचं, "तुमच्या नंबरवरून सर्व्हिस हिस्ट्री काढून द्या." चांगला माणूस लगेच देतो. जो सबबी सांगतो, त्याच्याकडून चहा पिऊन परत यायचं.

चालवून बघताना

गाडी बघायला सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर त्यांनी आधीच चालवून आणलीय. थंड गाडीत जो आवाज आणि जो धक्का येतो, तो गरम गाडीत लपतो.

चावी फिरवली की सगळे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. इंजिनचा पिवळा दिवा मुळात लागलाच नाही तर खूश होऊ नका. कुणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो.

मग ब्रेकवर पाय ठेवून न्यूट्रलमधून ड्राइव्ह, पुन्हा न्यूट्रल, मग रिव्हर्स. प्रत्येक वेळी गाडीने लगेच, हलकेच प्रतिसाद द्यायला हवा. एक-दोन सेकंद काहीच नाही आणि मग 'धप्प' असं झालं तर तो गिअरबॉक्स थकलाय.

त्यानंतर किमान अर्धा तास चालवा. हे सर्वांत महत्त्वाचं, आणि विकणारे नेमकं हेच टाळतात, 'एक राउंड मारा ना' म्हणतात. गिअरबॉक्सचे दोष तेल तापल्यावर बाहेर पडतात. एसी लावून, गर्दीत, थांबत-निघत चालवा. टॉर्क कन्व्हर्टर असेल तर गिअर बदलताना इंजिनचा आवाज वाढून वेग तेवढाच राहतोय का, ते बघा. सीव्हीटीमध्ये 20 ते 40 च्या वेगात गाडी थरथरते का, हुंकारल्यासारखा बारीक आवाज येतो का. एएमटीमध्ये पहिल्यातून दुसऱ्या गिअरला जाताना झटका थोडा असणारच. पण निघताना गाडी कापरं भरल्यासारखी हलत असेल आणि जळका वास येत असेल, तर क्लच संपत आलाय. तो काही गाडी नाकारण्याइतका दोष नाही, किंमत कमी करून घ्यायचा मुद्दा आहे.

शेवटी चढ शोधा. पूर्ण थांबा, निघा. मग चढावर रिव्हर्स घेऊन बघा. फ्लायओव्हर नसेल तर एखाद्या मॉलच्या तळघरातल्या पार्किंगचा उतारही चालतो.

टॉर्क कन्व्हर्टर असेल तर तेल बघायला मेकॅनिकला सांगा. काही गाड्यांत त्याची वेगळी डिपस्टिक असते, काहींत गाडी वर घेऊन बघावं लागतं. नवं तेल बहुधा लालसर असतं. काळपट झालं असेल आणि करपलेल्या दुधासारखा वास येत असेल, तर पुढे बोलणी नकोत. 'हे तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही' असं बरेच जण सांगतात. गॅरेजवाले काका त्यावर विचारतात, कोणाच्या आयुष्यभर? ते टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी दोन्हींचं तेल 40 ते 60 हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलून घ्यायला लावतात.

आणि मेकॅनिकला पैसे द्या. ओळखीचा म्हणून फुकट नेऊ नका. स्कॅनर लावून जुने एरर कोड बघायला लावा. काका 'राहू दे गं' म्हणाले, तरी मी त्यांना जाण्या-येण्याचा खर्च आणि दीड हजार दिले. नाहीतर दुसऱ्या गाडीच्या वेळी बोलवायला मलाच लाज वाटली असती.

एअरबॅगचं विसरू नका

इथे मला थोडं कडू लिहावं लागेल. स्वस्त जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या सुरक्षिततेत कच्च्या आहेत. 2016 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये एअरबॅग नसलेल्या सेलेरिओला शून्य तारे मिळाले होते, क्विडच्या सुरुवातीच्या गाड्यांनाही. आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै 2019 पासून. त्याआधीच्या गाडीत ती असेलच असं नाही. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतील, एकीत दोन एअरबॅग आणि एबीएस, दुसरीत काहीच नाही, आणि किमतीत फरक वीस-पंचवीस हजारांचा. मी म्यूझिक सिस्टम, अलॉय व्हील सगळं सोडलं, पण दोन एअरबॅग आणि एबीएस सोडले नाहीत. बाबा 'एवढ्यासाठी?' म्हणाले. आई काही बोलली नाही, पण तिने त्या दिवशी मागच्या सीटचे बेल्टही ओढून बघितले.

कागद

वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की बरंच दिसतं. कितवा मालक, इन्शुरन्स कधीपर्यंत, कर्ज आहे का. कर्ज फिटलंय असं तोंडी सांगितलं तरी आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हवाच. ई-चलन बाकी असतील तर ती विकणाऱ्याने आधी भरायची. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. ते 'नंतर करू' म्हणून कोरे सही करून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे, पण दोन्ही बाजूंनी घातकच.

इन्शुरन्सचं एक बहुतेकांना माहीत नसतं. मालकी बदलल्यापासून 14 दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. नाही केला तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आणि नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो. म्हणून 'प्रीमियम फक्त पाच हजार आहे' यावर विसंबू नका, तुम्हाला फरक भरावा लागेल.

हा लेख इंदूर, हैदराबाद, बेळगाव, दिल्लीतूनही वाचला जातो, म्हणून परराज्यातल्या गाडीबद्दल. ती बहुधा स्वस्त दिसते, विशेषतः दिल्लीची. तिथे 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आणली. अंमलबजावणी पुढेमागे होत राहिली, पण जुन्या गाड्यांची किंमत पडली ती पडलीच. दुसऱ्या राज्यातून गाडी आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म 28, मग आपल्या राज्यात पुन्हा रोड टॅक्स आणि नवा नंबर. आधी भरलेल्या टॅक्सचा परतावा मूळ राज्याकडून मागायचा असतो. एवढं सगळं धरून बेरीज केली, की दिल्लीची स्वस्ताई बऱ्यापैकी विरघळते. वेळ आणि ओळख दोन्ही असतील तरच त्या वाटेला जा.

यवतेश्वरच्या घाटात

शेवटी दोन गाड्या उरल्या. एक 2015 ची ग्रँड आय10 ऑटोमॅटिक, 3 लाख 5 हजारांची. दुसरी 2016 ची सेलेरिओ एएमटी, 61 हजार किलोमीटर, कराडच्या एका प्राध्यापक बाईंची. मुलाकडे बेंगळुरूला कायमच्या चालल्या होत्या म्हणून विकत होत्या. मागत होत्या 3 लाख 15 हजार.

मी मनातून आय10 ठरवून टाकली होती. आईच्या गुडघ्याला तीच बरी, पेट्रोलचे जास्तीचे पैसे मी भरेन, असं स्वतःला समजावलंही होतं. पण काकांनी गाडी अर्धा तास फिरवून आणली आणि रिव्हर्स टाकला. धप्प. तेल बघितलं तर चहासारखं. "जात चांगली आहे, पण ही चांगली नाही," काका म्हणाले. मला फार वाईट वाटलं. आठ दिवस मी त्या गाडीचे फोटो बघत बसले होते.

सेलेरिओ बघायला प्राध्यापक बाईच साताऱ्याला आल्या. काकांनी गाडी तपासून होकार दिल्यावर आम्ही कासच्या रस्त्याने यवतेश्वरच्या घाटात गेलो. गाडी आई चालवत होती, शेजारी काका, मागे मी आणि त्या बाई. एका वळणावर पुढे टेम्पो थांबला, आईनेही थांबवली. टेम्पो निघाला, आईने ब्रेक सोडला आणि गाडी मागे सरकली. माझ्या पोटात गोळा आला. आईने शांतपणे हँडब्रेक ओढला, अॅक्सिलरेटर दिला, इंजिनचा जोर लागल्यावर हँडब्रेक सोडला. गाडी सरळ वर. "हे तर आम्ही मारुती 800 वर शिकलो होतो," ती म्हणाली. मला मागच्या तीन महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं की आईला हे येतं.

काकांनी तिला एकच गोष्ट बजावली. चढावर थांबल्यावर अॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी धरून ठेवायची नाही. त्याने क्लच जळतो. हँडब्रेक लावायचा. आणि या गाडीत पार्किंगचा 'पी' नसतो, म्हणून लावताना गिअरमध्ये ठेवून बंद करायची आणि हँडब्रेक घट्ट ओढायचा.

सौदा 2 लाख 92 हजारांवर झाला. प्राध्यापक बाईंनी 52 हजार किलोमीटरपर्यंतची सर्व्हिसची सगळी बिलं प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावून ठेवली होती. ती फाइल बघितल्यावर मी अजून घासाघीस केली नाही. आई म्हणाली, दोन हजार तरी कमी करायचे होते.

त्यानंतरचा खर्च: पुढचे दोन टायर 9 हजार, बॅटरी 4,200, तेल-फिल्टर आणि बारीकसारीक कामं 6,300, इन्शुरन्स 8,700, नाव बदलायला 3,500. एकूण 31,700. गाडीची किंमत तीन लाखांच्या आतच ठेवायची आणि पन्नास हजार हातात राखायचे, हे आधी ठरवलं होतं म्हणून जमलं. उरलेल्या 26,300 ला हात लावायचा नाही असं ठरलंय. क्लच कधीतरी बदलावा लागेल, त्याला काकांनी बारा-पंधरा हजार धरायला सांगितलेत.

पहिला आठवडा

सवय व्हायला वेळ लागतो, हे गृहीत धरा. पहिल्या दिवशी शाळेच्या मैदानावर आईचा डावा पाय क्लच शोधायला गेला, ब्रेकवर पडला आणि आम्ही दोघी डॅशबोर्डच्या दिशेने झुकलो. बेल्ट होते म्हणून बरं. त्यानंतर तिने स्वतःच उपाय काढला. डाव्या पायातली चप्पल काढून तो पाय मागे घेऊन बसायची, म्हणजे त्याला आठवण राहते की आज सुट्टी आहे. तीन-चार दिवसांनी चप्पल परत आली. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने, हा नियम घरात जो कोणी गाडी चालवणार असेल त्या प्रत्येकाला मैदानावरच शिकवा, रस्त्यावर नाही.

गेल्या रविवारी ती पहिल्यांदा एकटी वाईला गेली. मी पुण्यात दर दहा मिनिटांनी फोन बघत होते. साडेअकराला मेसेज आला: "पोचले. गुडघा ठीक. आजी गाडीत बसून फोटो काढ म्हणतेय. एसीला कुबट वास येतोय, काकांना विचार."

काकांना विचारलं. एसीचा फिल्टर बदलायचा राहिला होता. चारशे रुपये.